एका पापाचे दोन धनी

शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर थोरले म्हणाले, "मला ते सन्मानपत्र नको." त्यावर आत्याने सर्वात आधी त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं.

आत्या म्हणजे थोरल्यांची बहीण. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केल्यामुळे माणसाच्या कुठल्याही विधानाकडे ती लक्षण म्हणून बघत असे. पट्टा सोडत ती म्हणाली, "एकशेतीस-ऐंशी. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. मग हे काय नवीन?"

"नवीन नाही. एकतीस वर्षं जुनं आहे."

खाली औषधांचं दुकान आणि वर घर अशी ती इमारत होती. वरच्या बैठकीत या वेळी पाच माणसं बसली होती. थोरले आणि त्यांची बायको, जिला सगळी वस्ती वहिनी म्हणायची, त्यांचा मुलगा, जो आता दुकान चालवत होता, सून, जी एका शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि आत्या. सहावे यायचे होते. ते म्हणजे थोरल्यांचे धाकटे भाऊ, चर्चचे राखणदार. सन्मानपत्राची पितळी पाटी भिंतीवर नेमकी कुठे ठोकायची हे विचारायला ते चार वाजता येणार होते. चर्चमधले सगळे खिळे तेच ठोकत.

"बाबा, पाटी कोरून झाली आहे," मुलगा म्हणाला. "मी स्वतः बघून आलो. अक्षर सुरेख आलंय."

पाटीवर असं कोरलं होतं, की या गृहस्थांनी तीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः उपासनेचा लाभ सोडून रुग्णांसाठी दुकान उघडं ठेवलं, आणि अशा निःस्वार्थ सेवेबद्दल मंडळी त्यांची ऋणी आहे. पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. इतर रविवारी थोरले न चुकता पहिल्या बाकावर असत, शास्त्रपाठही तेच वाचत. त्यांचा आवाज भारदस्त होता, आणि हे त्यांना माहीत होतं. फक्त भाकर आणि प्याला फिरायच्या दिवशी त्यांना रुग्णांची आठवण येई. मंडळीने याचा जो अर्थ लावायचा तो लावला. उद्याचा रविवार पहिला होता. सत्कारासाठी पाळकांनी दुकानावर दुसऱ्या माणसाची सोय केली होती. तीस वर्षांत प्रथमच थोरल्यांना निःस्वार्थ सेवा करायला जागा उरली नव्हती.

"मी सेवा करत नव्हतो," थोरले म्हणाले. "त्या मेजापाशी जायची हिंमत नव्हती. दुकानात लपत होतो."

"कोणापासून?" सुनेने विचारलं.

थोरल्यांनी वर बघितलं. छतावर पंखा होता. पण सून मुख्याध्यापिका असल्याने तिला उत्तर कळलं.

"शिंप्याच्या डोळ्यांचं ते प्रकरण," थोरले म्हणाले, "ते धाकट्याने केलेलं नाही. ते मी केलं."

शिंप्याच्या डोळ्यांचं प्रकरण या घराला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट या घराला तेवढंच एक प्रकरण नीट ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याने डोळे धुण्याच्या पुड्या नेल्या. धाकट्यांनी तोलून, बांधून दिल्या. शिंप्याने पूड कोमट पाण्यात विरघळवून डोळे धुतले, आणि रात्र व्हायच्या आत त्याचा डावा डोळा गेला. उजव्याला पुढे नुसता उजेड आणि अंधार कळे. दुसऱ्या दिवशी औषध निरीक्षक आले. त्यांनी बरण्या उघडल्या. डोळ्यांच्या पुडीच्या बरणीत डोळ्यांचीच पूड होती. म्हणजे तोलणाऱ्याने शेजारची बरणी काढली असणार. धाकटे म्हणाले, "काढली असेन. दुसरं काय होणार?" त्यांनी परवाना परत केला. त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं. काही दिवसांनी चर्चला राखणदार हवा होता, तिथे ते लागले. घरात मात्र एक विनोद शिल्लक राहिला: धाकट्याच्या हातचं पाणीसुद्धा वास घेऊन प्यावं. हा विनोद आत्याचा. ती तो फक्त सांगत नसे, पाळतही असे.

"बरणीत पूड बरोबर होती," आत्या आता म्हणाली. "निरीक्षकाने तपासली होती."

"त्याने तपासली तेव्हा बरोबर होती."

मग थोरल्यांनी सगळं सांगितलं, आणि तेही पहिल्या बाकावरच्या आवाजात नाही, खालच्या आवाजात.

त्यांच्या वडिलांचा नियम होता: जो बरण्या भरेल त्याने तोलायचं नाही, जो तोलेल त्याने भरायचं नाही. आणि भरणाऱ्याने डब्यावरचं नाव तीनदा मोठ्याने वाचायचं. डबा काढताना, ओतताना आणि परत ठेवताना. बरण्या सोमवारी थोरले भरत. त्या सोमवारीही ते मोठ्याने वाचत होतेच. फक्त डब्यावरचं नाही. येत्या रविवारच्या शास्त्रपाठाचा सराव चालला होता. बावन्नवं स्तोत्र की एक्कावन्नवं, हेही त्यांना अजून पक्कं आठवत होतं, पण त्यांनी ते सांगितलं नाही. एका कडव्याशी आवाज नीट लागत नव्हता म्हणून त्यांनी ते चारदा म्हटलं. तेवढ्यात हाताने शेजारच्या डब्यातली पांढरी पूड डोळ्यांच्या बरणीत ओतली. संध्याकाळी शिंप्याला इस्पितळात नेल्याचं कळल्यावर त्यांनी बरणी उघडून वास घेतला. मग ती मोरीत रिकामी केली, धुतली, आणि योग्य पूड भरून जागेवर ठेवली. या वेळी डब्यावरचं नाव त्यांनी तीनदा वाचलं.

"निरीक्षकाशी मी खोटं बोललो नाही," थोरले म्हणाले. "त्याने मला काही विचारलंच नाही. हे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगून पाहिलंय. लागू पडत नाही."

पहिल्यांदा सावरला तो मुलगा. गेली बारा वर्षं दुकान त्याच्या नावावर होतं, आणि गिऱ्हाईक काही विचारायच्या आत उत्तर तयार ठेवायची त्याला सवय होती. त्याच्या डोळ्यांपुढे वडील आले नाहीत, काकाही आले नाहीत. दुकानाच्या दारातली रांग आली, आणि रांगेतला प्रत्येक जण हातातल्या पुडीचा वास घेत होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "देवाला सांगा. देवाला सगळं माहीतच आहे, त्यामुळे त्यात गौप्यस्फोटही नाही."

"एकतीस वर्षं सांगतोय. तो ऐकून घेतो. पुढे काही बोलत नाही."

"मग पाळकांना सांगा."

"सकाळी सांगितलं." पाळक थोरल्यांच्या नातवाच्या वयाचे होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, काका, मी प्रार्थना करतो तुमच्यासाठी, पण तुम्ही जिना चुकलात. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायचं, असंच आपण वाचतो ना? तुम्हीच वाचता. मंडळीला सांगायचं की नाही ते नंतर बघू.

"पोराला कळतंय," आत्या म्हणाली. पण ती अजून कोणाच्याच बाजूला गेली नव्हती. तिला तिची औषधांची स्टीलची डबी दिसत होती. दर महिन्याला धाकटा तिच्या गोळ्या आणून द्यायचा, आणि त्याच्यासमोर ती प्रत्येक पाकीट चष्मा लावून तपासायची. तो थांबायचा. झालं की विचारायचा, "बरोबर आहेत ना, ताई?"

वहिनी म्हणाल्या, "मला विचाराल तर हे आता उकरून काढू नये. भाऊजी सुखात आहेत."

"सुखात?" सून म्हणाली.

"अगं, चर्चमधला सगळ्यात शांत माणूस तोच. शिंप्याकडे अठरा वर्षं रोज वर्तमानपत्र वाचायला जात होते. शिंप्याने त्यांना माफ केलं, देवाने केलं. त्यांचं सगळं मिटलंय. मिटलेल्या माणसाला कशाला उघडायचं? यांना हलकं वाटावं म्हणून?"

हा मुद्दा बिनतोड होता, आणि तो मांडताना वहिनी जरा जास्तच भरभर बोलल्या, हे सुनेच्या लक्षात आलं. शाळेत खिडकीची काच ज्याने फोडली नाही असा मुलगा इतक्या भरभर बोलत नाही.

पण सुनेला कामाची माणसं आवडत. तिने पर्समधून वही काढली. "बाबांना सांगायचंच आहे, तर सांगू देत. पण नीट. भावनेच्या भरात काहीतरी निघून जातं. आपण चार ओळी लिहून काढू."

पुढची वीस मिनिटं बरी गेली. या कुटुंबाला एकत्र बसून मजकूर ठरवायचं काम दिलं की सगळ्यांना आपापसातलं वैर विसरायला होत असे. थोरल्यांनी सांगितलं, "मी चुकीची पूड भरली." मुलगा म्हणाला, "'मी' कशाला? 'पूड भरताना अदलाबदल झाली' असं लिही." सून म्हणाली, "अदलाबदल दोन गोष्टींची होते, इथे एकच झाली." मुलगा म्हणाला, "बरं, 'नजरचूक'." आत्या म्हणाली, "त्या दिवशी नजर कुठे होती? तोंड होतं." वहिनी म्हणाल्या, बरणी रिकामी केल्याचं लिहायची गरज नाही, ते बारीकसारीक झालं. मुलाने 'तत्कालीन परिस्थिती' हे शब्द सुचवले आणि त्याला स्वतःलाच ते आवडले. शेवटी सुनेने सगळं वाचून दाखवलं. मजकूर स्वच्छ होता. त्यात शिंप्याचा डोळा गेला होता, धाकट्यांना त्रास झाला होता, कुटुंबाला खेद होता. फक्त कोणी काही केलेलं नव्हतं.

"यात मी कुठे आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"'कुटुंबा'मध्ये," मुलगा म्हणाला.

"आणि बरणी कुठे आहे?"

"अहो, ती बरणी नका ना आणू मध्ये!" वहिनी म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. खरं तर उठायचं काही कारण नव्हतं. त्या पुन्हा बसल्या. "बरणी मी धुतली होती," त्या म्हणाल्या. "यांनी मोरीत ओतली आणि माझ्या हातात दिली. मी साबण लावून दोनदा धुतली. सोमवारी संध्याकाळी, भरलेली बरणी का धुवायची, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणून नाही विचारलं."

थोरल्यांनी बायकोकडे बघितलं. एकतीस वर्षं ते समजत होते की ते या खोलीत एकटे आहेत.

"कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

आत्याने ब्लडप्रेशरचं यंत्र गुंडाळून पेटीत ठेवलं आणि खटका लावला. ती आता थोरल्यांच्या बाजूला गेली होती. "ती वही बंद कर गं," ती सुनेला म्हणाली. "धाकटा येईल एवढ्यात. दादा, तू त्याला सरळ सांगशील. आणि मला पण त्याला काहीतरी सांगायचंय. पण तुझं आधी, तुझं मोठं आहे."

"आत्या, दुकानाचा विचार करा," मुलगा म्हणाला.

"केला. त्याची किंमत तुझ्या काकाने एकतीस वर्षं मोजली. आता तू थोडा दुसऱ्या कशाचा कर."

जिन्यावर पावलं वाजली. धाकटे एक पायरी सोडून चढत नसत; त्रेसष्टाव्या वर्षी ते प्रत्येक पायरीवर पाऊल ठेवत, बेताने, जणू पायऱ्याही तपासून घ्यायच्या आहेत. ते आत आले, त्यांनी चपला कडेला जोडून ठेवल्या, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून म्हणाले, "कोण गेलं?"

"कोणी नाही. बस," आत्या म्हणाली.

"बसायला वेळ नाही, ताई. पाटी दाराच्या डावीकडे घेऊ की उजवीकडे? डावीकडे ओल आहे. उजवीकडे घेतली तर दादा, तू पहिल्या बाकावरून दर रविवारी तुझंच नाव वाचशील. तुला चालेल म्हणा." ते हसले. चर्चमध्ये त्यांच्या हसण्याला लोक शांत म्हणत. खरोखरच होतं.

"धाकट्या, बस," थोरले म्हणाले.

धाकटे बसले. सुनेने वही पुढे केली. थोरल्यांनी ती घेतली, पहिली ओळ मनात वाचली, आणि वही उलटी करून मांडीवर ठेवली.

"शिंप्याची पूड," ते म्हणाले. "तू बरोबर बरणी काढली होतीस. बरणीतच चुकीची पूड होती. मी भरली होती. लक्ष नव्हतं, पाठाचा सराव चालला होता. संध्याकाळी मला कळलं. मी ती ओतून टाकली आणि नवी भरली. निरीक्षक आला तेव्हा गप्प बसलो. तू 'मी केलं' म्हणालास तेव्हाही गप्प बसलो. तिथेच उभा होतो, तुझ्या शेजारी."

धाकट्यांचा चेहरा लगेच बदलला नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कामाचा होता.

"वरच्या फळीवरची? डावीकडून तिसरी?"

"हो."

"मी बरणीवरची चिठ्ठी वाचून काढली होती?"

"वाचली असणार. तू नेहमी वाचायचास."

"नाही, तसं नाही. दादा, मी ती वाचल्याचं मला आठवत होतं. स्पष्ट. पण बरणीत पूड बरोबर निघाली, म्हणून मला वाटलं माझी आठवणच खोटी आहे. त्या दिवसापासून मी माझ्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही. दाराला कुलूप लावलं की परत जाऊन बघतो. रोज. तीन-तीनदा." ते थांबले. "म्हणजे लावलेलं असायचं."

"असायचं," थोरले म्हणाले.

धाकट्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. त्यांच्या मनात आता काय आलं ते त्यांना स्वतःलाही आवडलं नाही. मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं ते चोरी झाल्यासारखं. अठरा वर्षं ते त्या शिंप्याच्या खोलीत गेले होते. पहिली दोन वर्षं शिंपी त्यांच्याशी बोललाच नाही, नुसता ऐकायचा. तिसऱ्या वर्षी म्हणाला, आज अग्रलेख नको, हवामान वाच. सातव्या वर्षी एकदा त्याने चाचपडत त्यांचा हात धरला आणि म्हणाला, पुरे झालं, तू मोकळा झालास. त्या दिवशी घरी येताना धाकट्यांना पाय जमिनीला लागल्याचं आठवत नव्हतं. आयुष्यात त्यांना मिळालेली सर्वात मोठी गोष्ट तीच होती. शिंप्याला जाऊन आता तेरा वर्षं झाली होती.

"त्याने मला माफ केलं होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"नाही, तुला माहीत नाही. ती माफी तुझी होती. तुझ्या नावाची. माझ्याकडे आली, आणि मी ती वापरली. सगळी. आता तो नाहीये, परत कोण देणार तुला?"



"त्याच्या मुलीला पत्र लिहीन," थोरले म्हणाले. "काय म्हणायचं ते तिने म्हणावं. पण आज मी तुझ्याकडे आलोय. धाकट्या, मी तुझ्याशी जे केलं ते पाप होतं. पुडीचं नाही म्हणत. पूड चुकली. गप्प बसणं चुकलं नव्हतं, ते मी रोज ठरवून केलं. मला क्षमा कर."

'पाप' हा शब्द या खोलीत दर रविवारी दुपारी, जेवताना, इतरांच्या संदर्भात नेहमी उच्चारला जाई. स्वतःच्या संदर्भात तो कोणी वापरताच सगळे कावरेबावरे झाले. मुलाने घसा साफ केला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. धाकटे क्षमा करणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. धाकटे क्षमाच करत आले होते. ज्या माणसावर सगळ्यांनी वास घेऊन पाणी प्यायचे विनोद केले, त्याला दुसरं काही करायला कोणी शिल्लक ठेवलं नव्हतं.

"नाही," धाकटे म्हणाले.

"काका?" सून म्हणाली.

"आज नाही. करीन मी, मला करावीच लागेल, मला शास्त्र माहीत आहे. पण आधी मला रागवायचंय. एकतीस वर्षांत मला रागवताच आलं नाही. कोणावर रागवणार? चूक माझीच होती ना!"

शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज फुटला, आणि फुटला तो वर गेला. ते उभे राहिले. या माणसाचा आवाज इतका मोठा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या बाकावरून शास्त्रपाठ थोरल्यांनीच का वाचावा, असा प्रश्न पडावा इतका मोठा. ते लग्न ठरलेल्या त्या मुलीबद्दल बोलले, जिच्या वडिलांनी बंद पाकिटातून नकार पाठवला होता. कुलपांबद्दल बोलले. परवाना परत करायला गेले त्या टेबलाबद्दल, तिथल्या कारकुनाने न बघता मारलेल्या शिक्क्याबद्दल. मग ते आत्याकडे वळले आणि म्हणाले, "आणि तू! माझ्यासमोर चष्मा लावून! दर महिन्याला!" आत्या म्हणाली, "हो. लाव मला फटका." ते म्हणाले, "तुला नाही लावत, तुझी पाळी नंतर!" आणि परत थोरल्यांकडे वळले.

खाली रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. वहिनी खिडकीकडे गेल्या आणि त्यांनी झडपेला हात घातला.

"राहू दे," थोरले म्हणाले.

"अहो, सगळी वस्ती ऐकतेय."

"म्हणूनच म्हणतो. राहू दे."

आत्या थोरल्यांकडे बघत होती. त्यांना जन्मात कोणी इतकं बोललं नव्हतं. ते मान खाली घालून बसतील, किंवा रडतील, किंवा आडवे होतील अशी तिने तयारी ठेवली होती. पेटीचा खटकाही काढला होता. पण त्यांचा श्वास सावकाश चालला होता. खांदे खाली आले होते. आठ-दहा दिवस ताप अंगात मुरलेल्या माणसाला एकदाचा घाम फुटतो, तेव्हा त्याचा चेहरा असा होतो, हे तिने वॉर्डात बऱ्याचदा पाहिलं होतं. त्या वेळी रोग्याला बरं वाटत असतं असं नाही. फक्त तो परत आलेला असतो.

धाकटे दम घ्यायला थांबले.

"संपलं?" थोरल्यांनी विचारलं.

"संपलं कसं? अजून पुष्कळ आहे."

"बोल," थोरले म्हणाले, आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.